छत्तीस जण आणि बाकीचे सगळे

(नाशिकमध्ये ‘ऑब्जेक्टिव्ह, बर्मा!’ हा चित्रपट दाखवण्याआधी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, चित्रपट दोन तास बावीस मिनिटांचा आहे, त्यामुळे मला वेळ मोजून दिलेला आहे. पण हा चित्रपट नाशकात लावायचा आणि देवळालीचं नाव काढायचं नाही, हे मला जमणार नाही. तिथूनच सुरू करतो.

31 ऑक्टोबर 1943. मुंबई बंदराला ‘लर्लाइन’ नावाचं जहाज लागलं. त्यावर जवळपास तीन हजार अमेरिकन सैनिक होते, सगळे स्वयंसेवक. धोक्याच्या मोहिमेसाठी माणसं हवीत, एवढंच त्यांना सांगितलेलं. कुठे जायचं, काय करायचं, याचा पत्ता नाही. कोणी कॅरिबियन बेटांवरच्या जंगलात सराव केलेले, कोणी पॅसिफिकमध्ये जपान्यांशी प्रत्यक्ष लढून आलेले. त्यांना आगगाडीने घाट चढवून आपल्या देवळालीच्या छावणीत आणलं. ही इंग्रजी सैन्याची जुनी छावणी. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजीर इथे आठवडेच्या आठवडे पडून असायचे, आणि त्या वाट बघण्यानं एखाद्याचं डोकं फिरलं की बाकीचे म्हणायचे, हा ‘डूलॅली’ झाला. इंग्रजीतला तो शब्द मूळचा आपल्या देवळालीचा. तर हे अमेरिकन इथे काही आठवडे राहिले, मग ललितपूरजवळच्या देवगढला गेले. तिथे त्यांनी नद्या ओलांडायचा, खेचरं हाकायचा, आकाशातून टाकलेली रसद गोळा करायचा सराव केला. कागदोपत्री त्यांचं नाव होतं 5307 क्रमांकाचं पथक. सेनापती फ्रँक मेरिल, म्हणून वार्ताहरांनी त्यांचं नाव ठेवलं ‘मेरिल्स मरॉडर्स’, मेरिलचे छापेमार.

फेब्रुवारी 1944 मध्ये आसामच्या लेडोकडून हे पथक ब्रह्मदेशात शिरलं, ते चालत. सोबत खेचरं. सुमारे पावणेतीन हजार माणसं. वालाबुम, शदुझुप, न्हपुम गा अशा ठिकाणी जपान्यांशी झुंजत, डोंगर ओलांडत ते दक्षिणेकडे सरकले. 17 मे 1944 ला त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या चिनी पलटणींनी मिचिनाची धावपट्टी घेतली. गाव मात्र 3 ऑगस्टपर्यंत पडलं नाही. तोवर मूळ पथकातली लढण्याच्या अवस्थेतली माणसं उरली होती सुमारे दोनशे. जपानी गोळीनं जितकी माणसं आडवी केली त्याच्या कितीतरी पट मलेरियानं, हगवणीनं आणि टायफसनं केली.

आता तारखांकडे लक्ष द्या. मे ते ऑगस्ट 1944. नेमक्या याच महिन्यांत, कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या जवळच्या एका जुन्या रँचवर वॉर्नर ब्रदर्स आज आपण पाहणार आहोत त्या चित्रपटाचं चित्रीकरण करत होते. म्हणजे ज्या मोहिमेचं चित्रण करायचं ती मोहीम अजून संपलेली नव्हती. इतिहास घडून गेल्यावर, सगळं निवल्यावर कोणी चित्रपट काढतो तेव्हा त्याच्या चुका आपण एका मापानं मोजतो. इथे ते माप चालत नाही. हा चित्रपट म्हणजे युद्धाच्या चालू हिशेबातलं एक पान आहे, आणि त्या पानावर कोणाची नावं लिहिली आणि कोणाची राहिली, हेच मला आज बोलायचं आहे.

आधी चित्रपटाबद्दल, कारण तो फार चांगला आहे. त्याच्यावर माझा राग असूनही तो चांगला आहे.

दिग्दर्शक राऊल वॉल्श. एका अपघातात त्याचा एक डोळा गेला होता, तो डोळ्यावर काळी पट्टी लावायचा. नायक एरॉल फ्लिन. तो मूळचा ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा, 1942 मध्ये अमेरिकन नागरिक झालेला. पडद्यावर तलवारी फिरवणारा, जहाजांवरून उड्या मारणारा हा देखणा माणूस प्रत्यक्षात लष्कराच्या वैद्यकीय तपासणीत नापास झाला होता. तो सैन्यात का नाही, असं लोक विचारत होते आणि खरं कारण स्टुडिओला सांगायचं नव्हतं. मला वाटतं, या चित्रपटात तो इतका शांत, इतका साधा का दिसतो त्याचं मूळ इथे असावं. त्याचा कॅप्टन नेल्सन कुठेही मर्दुमकी गाजवत नाही. हळू बोलतो. माणसं मोजत राहतो. फ्लिनचं मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं काम हे आहे.

गोष्ट सरळ आहे. छत्तीस अमेरिकन छत्रीधारी सैनिक जपानी आघाडीच्या मागे, ब्रह्मदेशाच्या जंगलात उतरतात. एक जपानी रडार केंद्र उडवायचं आणि जवळच्या जुन्या धावपट्टीवरून विमानानं परत यायचं. केंद्र उडतं, तेही चित्रपटाच्या पूर्वार्धातच. पण धावपट्टीवर जपानी दबा धरून बसलेले असतात, नेल्सन विमानांना परत फिरायला सांगतो, आणि तिथून चालणं सुरू होतं. खरा चित्रपट तिथून सुरू होतो. रडार केंद्र उडवण्याचा प्रसंग वॉल्श पटकन आटोपतो. चालण्याला मात्र तो वेळच वेळ देतो.

लेखकांनी हा सांगाडा नवा घडवलेला नाही, हेही सांगायला हवं. शत्रूच्या मुलखात खोल शिरायचं, एक ठाणं जाळायचं, परतीचा बेत फसायचा आणि मग उपाशीपोटी रानातून मागे यायचं, ही गोष्ट 1940 च्या ‘नॉर्थवेस्ट पॅसेज’ या रंगीत साहसपटात येऊन गेली होती. तिथे 1759 मध्ये रॉजर्सच्या रेंजर्सनी सेंट फ्रान्सिस या गावावर घातलेला छापा होता. नंतर 1951 मध्ये वॉल्शनंच हा सांगाडा उचलून फ्लोरिडाच्या दलदलीत नेला आणि सेमिनोल लोकांशी झालेल्या लढाईवर ‘डिस्टंट ड्रम्स’ काढला. म्हणजे ब्रह्मदेश ही या गोष्टीची मधली वस्ती. मुलूख बदलतो, समोरचा शत्रू बदलतो, चालणारे तेच राहतात. साहसपटांचं हे नेहमीचं आहे आणि त्यात मला गैर काही वाटत नाही. आपल्याकडे पोवाड्याची चालही अशीच एका प्रसंगावरून दुसऱ्यावर जाते. प्रश्न येतो तो त्या सांगाड्याला खऱ्या रणभूमीचं आणि खऱ्या मोहिमेचं नाव लावल्यावर.

कॅमेरा जेम्स वाँग हाउ यांचा. ते चीनमध्ये जन्मलेले, लहानपणी अमेरिकेला आलेले, हॉलिवूडच्या थोर छायालेखकांपैकी एक. त्यांचं काम बघताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. अमेरिकन सैन्याच्या कॅमेरामननी प्रत्यक्ष या आघाडीवर घेतलेली दृश्यं मधूनमधून जोडलेली आहेत. विमानात बसलेली माणसं, खाली पसरलेलं रान, छत्र्या. रँचवरची आणि आघाडीवरची दृश्यं एकमेकांत मिसळावीत म्हणून हाउ यांनी आपला प्रकाश मुद्दाम कोरडा, करडा ठेवला आहे. कुठे सांधा लागलाय ते पहिल्यांदा पाहताना कळत नाही. मी चार-पाच वेळा पाहिल्यावर ओळखायला लागलो, तेही झाडांवरून. खोट्या रानातली झाडं जरा जास्तच आटोपशीर उभी आहेत.

आणि आवाज. चालताना कोणी बोलत नाही. पाण्यातून पाय काढल्याचा आवाज, डास, लांबून एखादा पक्षी. माणसं थांबतात, नेल्सन हात वर करतो, आणि काही सेकंद काहीच होत नाही. आजच्या युद्धपटांना हे काहीच न होणं झेपत नाही. गोष्टीत प्रेमप्रकरण नाही. पाणी, घाम, भूक आणि चालणं. रात्री डोंगराच्या माथ्यावर सैनिक हातानं खड्डे खणतात आणि त्यात बसून अंधाराकडे बघत राहतात, तो प्रसंग तर मला कधीच पुरेसा वाटत नाही.

एक दृश्य तुम्हाला आधी सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही सावध असाल. तुकडी दोन भागांत विभागते, कारण मोठा जथा लवकर सापडतो. ठरलेल्या गावात नेल्सन पोचतो तेव्हा दुसरा गट जपान्यांच्या हाती लागून गेलेला असतो. लेफ्टनंट जेकब्स जेमतेम जिवंत आहे. आणि वॉल्श त्याचा चेहरा दाखवत नाही. दाखवतो तो बघणाऱ्यांचे चेहरे. जेकब्सचा फक्त आवाज येतो, तो नेल्सनला म्हणतो, मला मारून टाक. मग तो आवाज थांबतो. ऐंशी वर्षं उलटली या दृश्याला. रक्ताचा एक थेंब न दाखवता ते आजही अंगावर येतं.

त्याच्या लगेच नंतर मात्र हा चित्रपट घसरतो. तुकडीबरोबर आलेला म्हातारा वार्ताहर, हेन्री हल यांनी केलेलं पात्र, संतापानं बोलतो की या जपान्यांना पृथ्वीच्या पाठीवरून पुसून टाका. शत्रूच्या सैन्याला नव्हे, सगळ्या लोकांना. युद्ध चालू होतं, जपानी सैन्यानं कैद्यांचे केलेले हाल खरे होते, हे मी विसरत नाही. तरी ते वाक्य कानाला लागतं, आणि मला ते दुसऱ्या एका कारणानंही लागतं. जिथे हे चित्रीकरण झालं त्या रँचला लागूनच सांता अनिताचं रेसकोर्स आहे. दोनच वर्षांपूर्वी, 1942 मध्ये, जपानी वंशाच्या हजारो अमेरिकन नागरिकांना घरातून उठवून त्या रेसकोर्सवर आणून ठेवलं होतं. काही कुटुंबांना तर घोड्यांच्या तबेल्यांत राहावं लागलं. तिथून त्यांना आतल्या राज्यांतल्या, काटेरी तारेनं वेढलेल्या छावण्यांत पाठवलं.

आणि मेरिलच्या पथकात, जे देवळालीला येऊन गेलं त्या पथकात, जपानी वंशाचे चौदा अमेरिकन दुभाषे होते. त्यातले एक रॉय मात्सुमोतो. अमेरिकन सरकारनंच त्यांना आर्कान्सामधल्या जेरोमच्या छावणीत कोंडलं होतं, तिथून ते स्वखुशीनं सैन्यात आले. न्हपुम गाच्या टेकडीवर पथक वेढ्यात अडकलं तेव्हा हा माणूस रात्री सरपटत जपानी खंदकांजवळ जायचा आणि त्यांचं बोलणं ऐकायचा. एका रात्री पहाटेच्या हल्ल्याचा बेत त्याच्या कानावर पडला. अमेरिकन सज्ज राहिले, पहिली लाट कोसळली, मागची घुटमळली, तेव्हा मात्सुमोतो उठून उभा राहिला आणि जपानी भाषेत चढाईचा हुकूम ओरडला. मागचे जपानीही पुढे धावले आणि बंदुकांच्या तोंडी आले. त्याचे काही भाऊ त्या वेळी जपानी सैन्यात होते. आता सांगा, साहसपटाला याहून मोठी गोष्ट कुठली हवी होती? पण ती पडद्यावर येणं 1944 मध्ये शक्य नव्हतं. ज्यांना पुसून टाकायचं म्हणून पडद्यावर सांगायचं, त्यांच्यातलाच एक जण नायक कसा होणार?

मूळ कथा लिहिणारे अल्वा बेसी आणि पटकथेच्या दोन लेखकांपैकी लेस्टर कोल, दोघंही डाव्या विचारांचे. बेसी तर स्पेनच्या यादवीत फॅसिस्टांविरुद्ध बंदूक घेऊन लढलेले. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच दोघांना अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उभं केलं गेलं. उत्तरं द्यायला नकार दिला म्हणून दोघांना तुरुंगवास झाला. ‘हॉलिवूडचे दहा’ म्हणून ज्यांची नावं घेतली जातात त्यांत हे दोघं आहेत. देशासाठी लिहून घेतलं, आणि मग देशद्रोही म्हणून काळ्या यादीत टाकलं. त्यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागेल, इथे एवढंच.

जानेवारी 1945 मध्ये चित्रपट न्यूयॉर्कला लागला. संकलन, संगीत आणि मूळ कथा, अशी तीन ऑस्कर नामांकनं त्याला मिळाली. अमेरिकेत कोणाची तक्रार नव्हती.

सप्टेंबर 1945 मध्ये तो लंडनला लागला आणि गहजब झाला. इंग्रज म्हणाले, ब्रह्मदेश आम्ही लढलो, मेलो, आणि पडद्यावर एरॉल फ्लिन छत्तीस अमेरिकनांना घेऊन तो जिंकतो? वर्तमानपत्रांतून सडकून टीका झाली. एका दैनिकात व्यंगचित्र आलं: फ्लिन स्टुडिओतल्या आपल्या खुर्चीत बसलाय, आणि ती खुर्ची सैनिकांच्या थडग्यांवर आहे. जेमतेम आठवडाभरात वॉर्नर ब्रदर्सनी चित्रपट मागे घेतला. पुन्हा तो ब्रिटनमध्ये लागला 1952 मध्ये, तोही सुरुवातीला ब्रिटिश सैन्याच्या कामगिरीची कबुली जोडून.

इंग्रजांचा राग खोटा नव्हता. ब्रह्मदेशात लढणाऱ्या चौदाव्या सैन्याला ‘विसरलेलं सैन्य’ म्हणत. युरोपातल्या बातम्यांपुढे त्यांना वर्तमानपत्रात जागा मिळत नसे. तीन वर्षं चिखलात काढून घरी परतलेल्या माणसाला गावातल्या थिएटरात हे दिसलं तर त्याच्या मनाला काय झालं असेल! तो राग मला समजतो. पण मंडळी, त्या रागातही एक जागा रिकामी आहे. ‘आम्ही लढलो’ म्हणताना ते कोणाला मोजत होते?

जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सैन्यात तेरा डिव्हिजन मोजल्या जातात. त्यातल्या दोन ब्रिटिश. तीन आफ्रिकन, म्हणजे नायजेरिया, गोल्ड कोस्ट, केनिया, टांगानिका इथून आलेली माणसं. आणि आठ भारतीय. भारतीय डिव्हिजनमध्येही ब्रिटिश पलटणी असत, अधिकारी बहुतेक ब्रिटिश असत, हे मान्य. तरी खंदकात, खेचरांमागे, तोफांमागे आणि रुग्णवाहिकांत जी माणसं होती ती बहुसंख्य पंजाब, गढवाल, नेपाळ, मद्रास, हैदराबाद आणि महाराष्ट्रातली होती. लंडनच्या त्या गदारोळात त्यांच्या बाजूनं बोलणारं कोणी मला सापडत नाही. चित्रपटात तरी काय आहे? वाट दाखवायला गुरखे आहेत, एक चिनी कॅप्टन आहे. बस.

मग आपण का नाही बोललो? यावर मी बराच विचार केला आहे. सप्टेंबर 1945 मध्ये हिंदुस्थानचं सगळं लक्ष दुसरीकडे होतं, आणि ते साहजिक होतं. आझाद हिंद सेनेचे अधिकारी पकडून आणले होते, नोव्हेंबरात लाल किल्ल्यात खटला उभा राहणार होता, भुलाभाई देसाई बचावाला उभे राहणार होते. त्याच ब्रह्मदेशात, त्याच इंफाळच्या वाटेवर, नेताजींची माणसंही लढली होती, समोरच्या बाजूनं. देशाचं मन त्यांच्याकडे होतं. इंग्रजांच्या पगारावर लढलेला शिपाई त्या क्षणी कोणाचाच नव्हता. इंग्रजांना तो आपल्या विजयात मोजायचा नव्हता आणि आपल्याला तो आपल्या स्वातंत्र्यात मोजायचा नव्हता. मी त्या पिढीला दोष देत नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की पडद्यावर त्याची जागा दुसऱ्यानं घेतली तेव्हा ‘अरे, ही जागा त्याची आहे’ म्हणायला कोणी उरलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज खरं तर उभा आहे ती सांगतो.

या चित्रपटाचे नायक छत्रीधारी सैनिक आहेत. मेरिलचे छापेमार छत्रीधारी नव्हते, ते चालत गेले, हे सांगितलंच. मग ब्रह्मदेशाच्या मोहिमेत छत्रीधारी कोण होते? होते, आणि भारतीय होते. पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड, 1941 मध्ये दिल्लीला उभी केलेली. विमानातून उडी मारायला शिकलेली ही माणसं दोन-अडीच वर्षं उडीची वाट बघत बसली होती, कारण विमानं दुसरीकडे लागत होती. मार्च 1944 मध्ये त्यांना जंगलाच्या सरावासाठी नागा डोंगरात पाठवलं. सरावासाठी! तेवढ्यात जपान्यांनी चिंदविन नदी ओलांडली.

उखरुलच्या दक्षिणेला सांगशाक नावाचं तांगखुल नागांचं गाव आहे. उंच कड्यावर, माथ्यावर मिशनचं चर्च. तिथे ही ब्रिगेड उभी राहिली: 152 वी भारतीय पॅराशूट बटालियन, 153 वी गुरखा पॅराशूट बटालियन, डोंगरी तोफखाना, नेपाळच्या पलटणीतले काही सैनिक, आणि त्यांच्या जोडीला आपली मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन. सह्याद्रीत वाढलेली पोरं त्या डोंगरात. समोर जपानी 58 वी रेजिमेंट, जी कोहिमाकडे निघाली होती.

22 ते 26 मार्च. जमीन तीन फूट खणली की खाली खडक, त्यामुळे खंदक उथळ. काटेरी तार नव्हतीच. माथ्यावर पाणी नाही. मेलेली खेचरं माणसांच्या शेजारी पडून, पुरायला जागा नाही. विमानं रसद टाकत, पण माथा एवढासा की बरीचशी जपान्यांच्या बाजूला पडे. जपानी रात्री चढून येत, सकाळी त्यांना हातघाईनं मागे ढकललं जाई, चर्चच्या भोवती तर जागा पुन्हा पुन्हा हातची गेली आणि पुन्हा पुन्हा घेतली. मधल्या एका दिवशी एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याच्या अंगावर नकाशे सापडले, कोहिमावर कोण कुठून जाणार ते दाखवणारे. ब्रिगेडचा एक अधिकारी ते घेऊन वेढ्यातून इंफाळला गेला आणि पुन्हा त्याच माथ्यावर परत आला.

26 तारखेच्या संध्याकाळी माघारीचा हुकूम आला. रात्री उरलेली माणसं डोंगर उतरून रानात शिरली, जखमींना खांद्यावर घेऊन, छोट्या छोट्या गटांत, जपान्यांच्या मधून वाट काढत इंफाळकडे. न खाता, न बोलता. आज पडद्यावर तुम्ही जे बघणार आहात ते हेच. शत्रूच्या मुलखातून छत्रीधाऱ्यांचं परत चालणं. कॅलिफोर्नियात त्याचा खेळ सुरू होण्याच्या महिनाभर आधी ते मणिपूरच्या डोंगरात खरोखर घडून गेलं होतं.

त्या पाच दिवसांनी जपान्यांचा कोहिमावरचा मोर्चा रखडला आणि तेवढ्यात कोहिमाला कुमक पोचवता आली. ब्रिगेडच्या वाट्याला मात्र सुरुवातीला कौतुक आलं नाही, ठपका आला. सांगशाकचं मोल लोकांच्या ध्यानात यायला दशकं गेली.

आणि त्यांची उडी? तीही झाली. 1 मे 1945 ला, रंगूनच्या दक्षिणेला नदीच्या मुखाशी एलिफंट पॉइंटवर एक संमिश्र गुरखा पॅराशूट बटालियन भर पावसात उतरली आणि तिनं तिथलं ठाणं साफ केलं. 3 मे ला भारतीय सव्विसाव्या डिव्हिजनची माणसं रंगूनमध्ये होती. ब्रह्मदेशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर मारलेली खरी उडी ती. त्या वेळी अमेरिकेतले लोक छत्तीस जणांची खोटी उडी पाहून तीन महिने झाले होते.

हे बोलताना माझा आवाज थोडा चढतो, त्याचं कारण सांगून टाकतो. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ मराठा पलटणीत होते. आमच्या घरी त्यांचं पदक आहे, तांबूस धातूचं, सहा टोकांचं. त्याची फीत मधे लाल, दोन्ही बाजूंना निळी, आणि निळ्याच्या मधून नारिंगी रेघ. बर्मा स्टार. ते परत आले, शेती केली, म्हातारे होऊन गेले. कोणत्या बटालियनमध्ये होते, कुठे लढले, घरात कोणालाच सांगता येत नाही, कारण कोणी विचारलं नाही. लहानपणी मीही विचारलं नाही. आम्ही त्या चांदणीशी खेळायचो. हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पंचविशीत होतो आणि मला फक्त फ्लिन दिसला होता. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा ते पदक कपाटातून काढून समोर ठेवलं होतं.

तुम्हाला वाटेल, मग हा माणूस चित्रपट दाखवतोय कशाला? कारण चालणं खरं आहे. वॉल्शला ती माणसं माहीत नव्हती, पण थकलेला माणूस एका पायापुढे दुसरा पाय कसा टाकतो ते त्याला माहीत होतं. माझे ते आजोबा रानातून कसे चालले असतील याचं एकही छायाचित्र माझ्याकडे नाही. हा चित्रपट आहे. त्यातल्या चेहऱ्यांच्या जागी मला दुसरे चेहरे ठेवावे लागतात, एवढंच.

शेवटाबद्दल दोन शब्द, मग बसतो. नेल्सनबरोबर परतणारे मोजकेच उरतात. वरिष्ठ त्याचं अभिनंदन करायला येतात, आणि तो खिशातून मूठभर ओळखबिल्ले काढून त्यांच्या हाती देतो. किंमत ही पडली, म्हणतो. रंगूनजवळ तौक्यानला एक स्मारक आहे, ज्यांची कबर कुठे आहे ते माहीत नाही अशा जवळपास 27,000 सैनिकांची नावं त्याच्या खांबांवर कोरली आहेत. त्यातली बरीच नावं तुम्हाला मला वाचता येतील अशी, आपल्या ओळखीची आहेत.

आणि त्याच्या जरा आधी, डोंगरमाथ्यावर उजाडतं आणि आकाश विमानांनी भरून जातं. ग्लायडर येतात, मोठी चढाई सुरू होते. तशी चढाई खरी झाली होती, 5 मार्च 1944 च्या रात्री, इंग्रज सेनापती विंगेटच्या चिंदितांची, म्हणजे जपानी आघाडीच्या मागे जाऊन लढणाऱ्या त्याच्या पथकांची. विमानं आणि वैमानिक अमेरिकन होते. ग्लायडरच्या पोटात गुडघ्याला गुडघा लावून ब्रिटिश आणि गुरखे बसले होते, आणि त्यांची खेचरं. पडद्यावर ते ग्लायडर बाहेरूनच दिसतात, दार उघडेपर्यंत आत कोण आहे ते दिसत नाही.

मागच्या रांगेतल्यांना दिसतंय ना? दिवे बंद करूया.